छत्तीस वेळा दात वाजवण्याविषयी

इ.स. 647 मध्ये थांग सम्राटाच्या आज्ञेवरून ह्युएन त्संगने लाओत्सेच्या 'ताओ ते चिंग'चा संस्कृत अनुवाद करायला घेतला. दोनच वर्षांपूर्वी तो भारतातून परतला होता. महाराष्ट्रातूनही तो हिंडून गेला होता. दुसरा पुलकेशी आणि इथली मानी, उपकार न विसरणारी व अपमानही न विसरणारी माणसं यांच्याविषयी त्याने लिहून ठेवलेलं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. हा अनुवाद हवा होता कामरूपच्या भास्करवर्मा राजाला. ह्युएन त्संगच्या जोडीला तीसेक ताओपंथी पंडित बसवले होते आणि त्यांचं आपसात लवकरच बिनसलं. मूळ ग्रंथ कसाबसा पार पडला. मग ताओपंथी म्हणाले, आता ग्रंथाच्या प्रस्तावनेचंही भाषांतर करा. ह्युएन त्संगने साफ नकार दिला. त्या प्रस्तावनेत दातांवर दात वाजवण्याच्या आणि लाळ गिळण्याच्या गोष्टी होत्या. असलं गावंढळ लिखाण परमुलखात गेलं तर आपल्याच देशाची शोभा होईल, असं त्याचं म्हणणं पडलं.

हे पुस्तक त्या वगळलेल्या प्रस्तावनेच्या विषयावर आहे. साधना करणाऱ्या माणसाच्या दातांचं, श्वासाचं, पोटाचं, गुडघ्यांचं काय होतं आणि ते तो इतरांना कसं सांगतो, एवढाच तो विषय. ह्युएन त्संगला लाज वाटली यात नवल नाही. मलाही वाटली होती. बीजिंगमध्ये अभ्यासासाठी राहत असताना घराजवळच्या बागेत पहाटे जमणाऱ्या मंडळींत मी जाऊ लागलो. शिकवणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, कारखान्यातून निवृत्त झालेल्या. थंडी वाढली तसं त्यांनी बसून करायचं बादुआनजिन, म्हणजे 'किनखापाचे आठ तुकडे', शिकवायला घेतलं. त्याची सुरुवातच अशी: डोळे मिटा, मुठी वळा, छत्तीस वेळा दातांवर दात वाजवा. नंतर जीभ तोंडात घोळवून जमलेली लाळ तीन घोटांत गिळा, ती बेंबीखाली उतरते आहे असं मनाशी धरा. मी तेव्हा च्वांगत्सेच्या ग्रंथावर टिपणं काढत होतो. 'मनाचा उपवास' आणि 'बसल्या बसल्या विसरणं' या त्याच्या कल्पनांनी भारावलो होतो. आणि इथे मला लहान पोरासारखं दात वाजवायला सांगत होते. शेजारचा निवृत्त मास्तर इतक्या जोरात वाजवत होता की मला हसू आवरेना.

त्या हसण्यातून बाहेर यायला मला दोन हिवाळे लागले. वाचकाला तेवढा वेळ लागू नये, हा या प्रस्तावनेचा हेतू.

या क्षेत्रात शिरणाऱ्या मराठी माणसाला पहिली ठेच लागते ती उच्चाराची. ज्या शब्दाभोवती सगळं फिरतं तो चिनी शब्द आहे 'छी', आणि आपण 'छी' म्हणतो ते नाक मुरडताना. इंग्रजी स्पेलिंग पाहून काहीजण 'क्वी' वाचतात, काही 'ची' म्हणून वेळ मारून नेतात. मी 'छी'च ठेवला आहे. दहा पानांत कानाला सवय होते. जुन्या लिपीत या अक्षरात वर वाफ आणि खाली तांदळाचे दाणे आहेत. शिजत्या भातावरची वाफ, अशी त्याची फोड सांगतात. आपला हात लगेच 'प्राण' या शब्दाकडे जातो. जाऊ द्यावा, पण तिथेच थांबू नये. रोजच्या चिनी बोलण्यात हवामानाला 'आकाशाचा छी' म्हणतात, आणि माणसाला राग आला की त्याच्यात 'छी उपजला' असं म्हणतात. डोंगराला छी असतो, जमिनीला असतो, चांगल्या हस्ताक्षरालाही असतो. आपल्या प्राणाचा एवढा पसारा नाही. उलट पंचप्राणांची जी नीट वाटणी आपल्याकडे आहे ती छीच्या वाट्याला जशीच्या तशी येत नाही. 'छीगोंग'मधला 'गोंग' मात्र मराठीत अलगद बसतो. तालमीतला पैलवान ज्या अर्थाने 'मेहनत' हा शब्द वापरतो, तोच हा अर्थ: रोज, वेळच्या वेळी, अंगावर घेऊन केलेलं काम आणि त्यातून आलेलं कसब. कुंग-फूमधला कुंगही हाच.

'छीगोंग' हे नाव हजारो वर्षांपूर्वीचं असेल अशी बहुतेकांची समजूत असते. अक्षरांची ही जोडी जुन्या ग्रंथांत अधूनमधून सापडते, पण आज आपण ज्या अर्थाने ती वापरतो तो अर्थ 1949 सालचा आहे. हबेई प्रांतातला लिउ ग्वेईचन हा कम्युनिस्ट पक्षाचा तरुण कार्यकर्ता पोटातल्या व्रणाने आणि इतर दुखण्यांनी पार खंगला होता. 1947 मध्ये त्याला गावी पाठवलं. तिथे एका जाणत्याकडून त्याने बसण्याची आणि श्वासाची एक परंपरागत रीत शिकून घेतली आणि 102 दिवसांत तो बरा झाला, असं त्याची हकीकत सांगते. वरिष्ठांनी त्यालाच या रीतीचा अभ्यास करायला बसवलं. साधनेत मनाशी घोकायचं जे वाक्य होतं त्यात सोनेरी ड्रॅगनचा पंजा आणि कसल्याशा गूढ दालनाचा उल्लेख होता. ते काढून त्या जागी, मी तब्येतीसाठी बसतो आहे, अशा अर्थाचं साधं वाक्य घातलं. मग या सगळ्याला नाव काय द्यायचं यावर विचार झाला आणि 'छीगोंग' ठरलं. पुढे 1950च्या दशकात थांगशान आणि बेईदायह इथे छीगोंगची आरोग्यधामं उभी राहिली.

हे वाचताना मला लोणावळा आठवतं. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये तिथे कैवल्यधाम सुरू केलं, आसनं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत नेले, 'योग-मीमांसा' नियतकालिक काढलं. दोन देशांनी एकमेकांना न विचारता जवळपास एकच गोष्ट केली: मठातली, गुरूच्या कानगोष्टीतली विद्या दवाखान्याच्या भाषेत आणली. या घडामोडीत जे गाळलं गेलं त्याची हळहळ करणारे पुष्कळ असतात. मी त्यांच्यात नाही. सोनेरी ड्रॅगनच्या पंजाने कुणाचा व्रण भरला असता असं मला वाटत नाही. पण तो पंजा होता, हे मात्र विसरता कामा नये.

मूळ विद्या मात्र खरंच जुनी आहे. 1973 मध्ये चांगशाजवळ मावांगद्वेई इथली तिसरी कबर उघडली. ती इ.स.पू. 168 मध्ये बंद झाली होती. आत रेशमावरचे ग्रंथ होते, लाओत्सेच्या दोन प्रती होत्या आणि एक चित्रपट होता. त्यावर 44 माणसं व्यायाम करताहेत: बायका, पुरुष, कुणी अंगभर कपड्यांत, कुणी उघडाबंब. शेजारी बारीक अक्षरांत नावं लिहिली आहेत. कुठे अस्वलाचा उल्लेख, कुठे पक्ष्याचा, कुठे गुडघेदुखीसारख्या व्याधीचा. या प्रकाराला 'दाओयिन' म्हणत, म्हणजे छीला वाट दाखवणं आणि अंग ताणणं. आणि याच अस्वल-पक्ष्यांची थट्टा च्वांगत्सेच्या नावावरच्या ग्रंथात आधीच होऊन गेली आहे. अस्वलासारखं लोंबकळायचं, पक्ष्यासारखं अंग ताणायचं, हे सगळं कशासाठी तर चार वर्षं जास्त जगण्यासाठी, असा तिथला सूर. म्हणजे शरीराला कामाला लावणारे आणि नुसतं बसून विसरा म्हणणारे यांचं भांडण पहिल्यापासूनचं आहे. बागेतल्या बाई आणि माझी टिपणवही यांच्यातलं भांडण मी माझं समजत होतो. ते दोन हजार वर्षांचं निघालं.

आता अनुभवांकडे येतो, कारण हे पुस्तक मुख्यतः त्यांचं आहे.

विसाव्या शतकातल्या साधकांच्या हकीकती एकापाठोपाठ एक वाचल्या की एक गोष्ट ध्यानात येते: जवळजवळ सगळे रुग्ण म्हणून आले. ज्यांग वेईछ्याव हा शांघायचा शिक्षणतज्ज्ञ आणि पाठ्यपुस्तकांचा संपादक. त्याला क्षय झाला. 1900 साली त्याने बायकामुलांपासून वेगळं होऊन एका खोलीत बसायला सुरुवात केली. सुमारे तीन महिन्यांत त्याला पोटात उष्णता जाणवली, ती पाठीच्या कण्यातून डोक्यात चढली, चेहऱ्यावरून खाली उतरली. 1914 मध्ये त्याने 'यिनश्झची शांत बसण्याची रीत' हे पुस्तक लिहिलं आणि ते खूप खपलं. त्यात त्याने यिन-यांग, शिसं-पारा ही जुनी परिभाषा मुद्दाम टाळली आणि गुरुत्वमध्य वगैरे शब्द वापरले. छन यिंगनिंगचीही तब्येत तरुणपणी अशीच ढासळलेली. 1933 पासून शांघायमधून निघणाऱ्या एका पाक्षिकात तो वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचा: श्वास छातीत अडकतो, काय करू? बसलं की झोप लागते, हे चांगलं की वाईट? ती पत्रं मला कुठल्याही गूढ ग्रंथापेक्षा मोलाची वाटतात, कारण त्यांत न जमलेल्यांचाही आवाज आहे. लिउ ग्वेईचनचं वर आलंच. आणि क्वो लिन ही चित्रकार. गर्भाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया सोसलेली. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला, सांस्कृतिक क्रांती चालू असताना, तिने बीजिंगच्या बागांत लोकांना चालता चालता करायचं छीगोंग उघड्यावर शिकवायला सुरुवात केली. बंद दाराआड एकाने एकाला द्यायची विद्या घोळक्यात आली ती बऱ्याच अंशी या बाईमुळे.

आजार, हतबल डॉक्टर, जुनी रीत, चिकाटी, बरं होणं, पुस्तक. हा साचा आहे. साचा दिसला म्हणून हकीकत खोटी ठरत नाही. पण ती वाचताना नवसाची गोष्ट आठवावी. नवस फेडायला देवळात येतो तो ज्याचा नवस पावला तोच. ज्याचा पावला नाही तो घरी असतो. बसूनही जे बरे झाले नाहीत त्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत. छन यिंगनिंगच्या पत्रव्यवहारासारखे अपवाद सोडले तर त्यांचा ठावठिकाणा आपल्याला लागत नाही.

दुसरी गोष्ट अनुभवाच्या भाषेची. सहाव्या शतकातल्या थ्येनथाय बौद्ध परंपरेचा आचार्य च्री-यी याने ध्यानात येणाऱ्या आठ स्पर्शांची यादी दिली आहे: हालचाल, खाज, हलकेपणा, जडपणा, गारवा, ऊब, खरखरीतपणा, गुळगुळीतपणा. ही यादी पुढे बौद्धांपुरती राहिली नाही, छीगोंगच्या पुस्तकांतही सर्रास आली. आज बागेतल्या कुणालाही विचारा, काय जाणवलं? उत्तर बहुधा या आठांतलंच येतं. इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस काढलेल्या वाचकाला ही यादी ओळखीची वाटेल. आता अनुभव आधी की यादी आधी? माझ्यापुरतं सांगतो. झाडाला कवेत घेतल्यासारखे हात धरून नुसतं उभं राहायचा एक प्रकार आहे. पहिले पंधरवडाभर मला फक्त गुडघे आणि खांदे जाणवले. मग एका सकाळी दोन तळव्यांमध्ये काहीतरी दाटून आलं. दोन चुंबक एकमेकांना ढकलतात तसं. मी घरी येऊन उत्साहाने दोन पानं लिहिली. पुढे कधीतरी ती वही चाळताना आदल्या दिवशीचं पान वाचलं. त्यात बाईंचं वाक्य मीच टिपून ठेवलं होतं: उद्या-परवा हातांत चुंबकासारखं वाटेल.

म्हणून मला चुंबक जाणवलाच नाही का? जाणवला. अजूनही जाणवतो. फक्त तो एकट्या माझ्या हातांतून आलेला नाही, एवढं मी मान्य करून टाकलं आहे. त्या काळात माझी झोप सुधारली हेही खरं आणि त्याच काळात मी रात्रीचा चहा सोडला हेही खरं. 2012 मध्ये पार्किन्सनच्या 195 रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या ताय-चीच्या चाचणीत त्यांचा तोल सुधारल्याचं दिसलं, ते मला पटतं. पण त्यातून छी सिद्ध झाला असं कुणी म्हणालं तर त्याला तो शोधनिबंध परत वाचायला सांगावा.

बीजिंगच्या पाय्युनक्वान, म्हणजे श्वेतमेघ मठात एक शिळा आहे, 1886 मध्ये कोरलेली. लिउ छंगयिन नावाच्या राजवाड्यातल्या एका खोजाने ती करवून घेतली. या क्षेत्रात नवीन येणाऱ्याला मी सगळ्यात आधी तिचा ठसा दाखवतो. बसलेल्या माणसाचं शरीर आहे, पण कातडी-हाडं नाहीत. सगळा मुलूख आहे. डोकं म्हणजे डोंगररांग. कण्यातून वर चढणारा ओढा. हृदयाशी गुराखी पोरगा, मूत्रपिंडांशी चरख्यावर बसलेली विणकर मुलगी. चिनी लोककथेतली आकाशगंगेने ताटातूट केलेली जोडी ती हीच. बेंबीखाली बैल नांगर ओढतोय. आणि अगदी तळाशी एक मुलगा आणि एक मुलगी पायरहाट तुडवताहेत, पाणी उलटं वर चढवायला. ज्याने शेतावरचा रहाट पाहिला आहे त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. पाणी आपल्या स्वभावाने खाली जातं, आयुष्यही तसंच ओसरत जातं. रहाट तुडवला तर ते थोडं वर येतं. ताओपंथीयांच्या 'आंतरिक किमये'चं सगळं गणित या दोन पोरांच्या पायांत आहे. शिसं, पारा, भट्टी, वाघ आणि ड्रॅगन ही अकराव्या शतकातल्या च्यांग पोत्वानसारख्या ग्रंथकारांची परिभाषा नंतर सावकाश शिकता येते.

त्याच शिळेवर डोक्यात, बसलेल्या लाओत्सेच्या खाली, एक निळ्या डोळ्यांचा परदेशी भिक्षू दोन्ही हात वर करून आभाळ तोलून उभा आहे. तो बोधिधर्म. ताओपंथी शरीराच्या नकाशात आपल्याकडचा पाहुणा असा ऐन माथ्यावर. यावरून, ही सगळी विद्या मूळ भारतातूनच गेली असं म्हणायचा मोह होतो, आणि आपल्याकडे तो फार लवकर होतो. बोधिधर्माच्या नावावर खपणारं 'यिजिनजिंग' हे स्नायू बदलण्याचं शास्त्र त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी, सतराव्या शतकाच्या आसपास रचलेलं आहे. मावांगद्वेईचा चित्रपट तर चीनमध्ये बौद्ध धर्म रुजण्याआधीचा. देवाणघेवाण झाली, भरपूर झाली, पण ती ओळीने दाखवावी लागते. 'ज्ञानेश्वरी'च्या सहाव्या अध्यायातली कुंडलिनी वाचून आलेल्या वाचकाने एक फरक आधीच पाहून ठेवावा. तिथे शक्ती वर जाते आणि वरच विरते. ज्यांग वेईछ्यावची ऊब पाठीतून चढून पुढच्या अंगाने परत पोटात येते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते. एकीकडे वाट संपते, दुसरीकडे फेरा चालू राहतो. दोन्हींत कणा आहे आणि उष्णता आहे, एवढ्यावरून दोन्ही एकच म्हणणं म्हणजे वारी आणि प्रदक्षिणा एकच म्हणण्यासारखं आहे.

1980च्या दशकातल्या छीगोंगच्या लाटेवर मी इथे थोडकंच लिहितो. त्यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. कोट्यवधी माणसं, मैदानं भरून व्याख्यानं, दुरून छी फेकणारे आचार्य, प्रयोगशाळेत तो मोजल्याचे दावे, छ्यन श्वेसनसारख्या अग्निबाण-शास्त्रज्ञाचा पाठिंबा, आणि डोक्यावर पातेलं पालथं घालून विश्वातले संदेश पकडत बसलेल्या लोकांची ती छायाचित्रं. 1999 मध्ये फालुन गोंग या छीगोंग-पंथावर बंदी आली आणि बागा एकदम शांत झाल्या. त्यानंतर सरकारी क्रीडाखात्याने चार प्रकार निवडून, प्रमाणित करून दिले. बादुआनजिन त्यांतलंच एक. माझ्या बाई दोन्ही काळ पाहिलेल्या होत्या. लाटेविषयी विचारलं की त्या म्हणत, तेव्हा आवाज फार होता.

धोक्याविषयी मात्र आडपडदा नको. ताओपंथी आणि छीगोंगवाले स्वतःच 'च्वोह्वो रूमो' म्हणतात: आग भरकटणं आणि 'मो' शिरणं. हा 'मो' म्हणजे आपला मार, बुद्धाला भुलवायला आलेला. संस्कृत शब्द लिहिण्यासाठी चिनी लिपीत मुद्दाम घडवलेलं अक्षर. जपानचा झेन आचार्य हाकुइन यालाही अतिध्यानाने डोकं तापण्याचा, हातपाय गार पडण्याचा विकार जडला होता आणि त्याने तो मोकळेपणाने लिहून ठेवला. 1994 च्या अमेरिकी मानसोपचार-वर्गीकरणात छीगोंगमुळे उद्भवणाऱ्या मनोविकाराची वेगळी नोंद आहे. ज्याला पूर्वी मानसिक आजार झाला आहे त्याने तासन्‌तास बसण्याच्या वाटेला एकट्याने जाऊ नये, आणि कुणीही चालू असलेलं औषध बागेतल्या सल्ल्यावरून बंद करू नये. छन यिंगनिंगची उत्तरं याबाबतीत फार शहाणी आहेत. पोट बिघडलं असेल तर आधी पोट बरं करा, अशा धाटणीची.

पुस्तक कुठूनही उघडलं तरी चालेल. ज्यांना ग्रंथांत रस आहे त्यांनी मागून वाचावं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पुढून. ज्यांना छीवर विश्वास नाही त्यांची इथे अडचण होणार नाही. ज्यांना आहे त्यांची अधूनमधून होईल, त्याला माझा इलाज नाही.

परिभाषेबद्दल एक खुलासा राहिला. ह्युएन त्संग आणि ताओपंथी यांचा मोठा वाद खरा प्रस्तावनेवरून झाला नव्हता. तो झाला 'ताओ' या एका शब्दावरून. ताओपंथीयांना तिथे 'बोधी' हवा होता, ह्युएन त्संगने 'मार्ग' सोडला नाही. तो संस्कृत अनुवाद आज कुठेच सापडत नाही, त्यामुळे भास्करवर्म्याच्या दरबारात काय पोचलं, काही पोचलं का, कोण जाणे. आम्ही संपादक मंडळी या शब्दावर तीन दुपारी भांडलो. 'मार्ग' म्हटलं की एकाला अष्टांगिक आठवत होता, 'पंथ' म्हटलं की दुसऱ्याला नाथ. शेवटी 'ताओ' तसाच राहू दिला आहे. दात आणि लाळेचा मजकूर मात्र सगळा मराठीत आणला आहे, एक ओळही न गाळता.